कापण्याआधी

आठवी ब. गुरुवार, मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास.
बोपोडीतल्या मनपा शाळेच्या तळमजल्यावर
जिथे पूर्वी मोडके बाक टाकायचे
तिथे आता आमची कार्यशाळा.
बाक अजून तिथेच आहेत. आम्ही त्यांच्यावर काम करतो.

कंपनीने भेट दिलेला थ्री-डी प्रिंटर कोपऱ्यात
प्लास्टिकच्या खोळीत. पाहुणे आले की खोळ निघते.
त्याची तार जूनमध्येच संपली,
मागणीपत्र कुठल्याशा टेबलावर आहे.
बाकी हत्यारं जुन्या बाजारातली, रविवारी घासाघीस करून आणलेली:
सहा कानशी, दोन पकडी,
आणि एक व्हर्निअर, ज्याचा शून्य शून्यावर बसत नाही.
मुलांना सांगितलंय, हा खोटं बोलतो,
पण रोज तेवढंच बोलतो. वजा करा आणि कामाला लागा.

फळ्यावर एक ओळ कायमची:
दोनदा मोजा, एकदा कापा.
त्याच्या आधीची ओळ मी तोंडी सांगतो:
वस्तू कोणासाठी?
"सगळ्यांसाठी" असं लिहिलं की वही परत.

नौशादची तीनदा परत गेली.
चौथ्यांदा तो म्हणाला, मामीसाठी, सर.
पोळ्या लाटताना मालिका बघते, मोबाईल पिठात पडतो.
म्हटलं, हां, आता बोल. ओटा किती उंच?
मामी किती उंच?
तो धावत घरी निघाला होता, तास चालू असताना.

सिमरन धोत्रेने महिनाभर काहीच आणलं नाही.
मग एक दिवस वर्तमानपत्राची घडी उलगडली.
त्यावर पेन्सिलीने गिरवलेला हात, मोठ्या माणसाचा, उजवा.
रेघ अंगठ्यावरून फिरून आलेली,
मग बराच वेळ सपाट,
मग एकदम दोन बोटं.
मी खोडरबर उचललं.
"पुसू नका, सर. तेवढाच आहे."

पप्पांना कुलपात किल्ली फिरवता येत नाही.
चिमटीत धरायला काही नाही.
मी शाळेतून येईपर्यंत पायरीवर बसून राहतात.
शेजारच्यांना सांगत नाहीत.

किल्लीला मूठ करायची ठरली.
पहिली पुठ्ठ्याची, दुमडली.
दुसरी प्लायची, छान फिरली, पण खिशात मावेना.
तिसरी करताना, अॅल्युमिनियमची पट्टी पकडीत आवळत,
तिने मान वर न करता विचारलं,
"सर, ते प्रेस मशीन कोणासाठी होतं?"

भोसरीत बावीस वर्षं मी डाय घासल्या.
वॉशरच्या, क्लॅम्पच्या, कसल्या कसल्या ब्रॅकेटच्या.
ड्रॉइंगवर सगळं असायचं,
पत्र्याची जाडी, पंचाचा क्लिअरन्स, मिनिटाला ठोके किती.
हात कुठे ठेवायचा ते नसायचं.
मीही कधी विचारलं नाही.
शंभरातला एक भाग चुकला
तर झोप लागायची नाही मला, तेव्हाची गोष्ट.
तिच्या पप्पांच्या मशीनवर माझीच डाय असेल असं नाही.
नसेलच असंही नाही.

म्हटलं, "पत्र्यासाठी, बाळा."
ती "हं" म्हणाली.
वर्गात कोणाची तरी कानस खाली पडली,
आणि नौशाद नेहमीप्रमाणे म्हणाला, मी नाही, सर.

घंटा झाली तरी ती उठली नाही.
मूठ उजेडात धरून फिरवत होती.
"धार राहिलीये, सर."
मी चष्मा लावून पाहिलं. मला दिसेना.
तिने डोळे मिटून कडेवर अंगठा फिरवला,
सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि एका जागी थांबली.
"इथे."

मी तिला बारीक कानस दिली,
खोलीची किल्ली खिशात ठेवली
आणि शिपाईमामांना म्हटलं, आज जरा उशीर होईल.