हातचा

वीस कॉलेजांची यादी भरायची होती.
पहिली सहा पुण्यामुंबईची,
जत्रेत नुसती बघून पुढे जायच्या दुकानांसारखी.
ती मिळाली नाहीत त्या दिवशी
मी नीट जेवले,
वर सोलकढी मागून घेतली.

मधली अकरा सांगली, कोल्हापूर, कुडाळ.
तिथे नाक थोडं लाल झालं, एवढंच.

शेवटची तीन हातची.
"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,"
मेस्त्रीसर म्हणाले होते,
म्हणून लिहिली, न वाचता,
जशी झोपताना आपण कडी लावतो.

अठरावं कॉलेज सड्यावरचं,
पवनचक्क्यांच्या पलीकडे, कातळावर.
त्याच्या बसला आम्ही कुर्ल्यांची पाटी म्हणायचो.
शाळेच्या गेटपाशी ती बस आली
की मी पाठ करून उभी राहायचे,
कुणी मला त्यातली समजू नये म्हणून.

त्यानंही नाही म्हटलं.
सेवा केंद्रातल्या खडपकरकाकांनी
स्क्रीन हळूच माझ्याकडे वळवली,
आणि प्रिंटचे दहा रुपये घेतले नाहीत.
ते दहा रुपये मला सगळ्यात जास्त लागले.

मोठ्या घरचा नकार चारचौघांत सांगता येतो,
त्यातही एक ऐट असते.
पण ज्याला हसलो त्यानंच दार लावलं
तर रडायला तोंड कुठलं आणायचं?

मासेमारी बंद. धक्क्यावर होड्या झापांखाली.
बर्फाच्या कारखान्याला कुलूप,
म्हणून बाबा दिवसभर घरात, ओटीवर जाळं तुणत.
तिसऱ्या दिवशी जाळ्याकडे बघतच म्हणाले,
"धर्मादादाची होडी खंय फुटली, म्हायत आसा?
भायर दर्यात नाय. हयच, धक्क्याक बांधलेली.
दोर आखूड होतो.
भरती चढली, होडी चढाक शकली नाय."

मला ती गोष्ट आवडली नाही.
होडी म्हणजे मी, की दोर म्हणजे मी,
ते त्यांनाही माहीत नसावं.
त्यांनी सुई दातांत धरली
आणि पुढची गाठ शोधू लागले.

दुसरीत बाई सांगायच्या,
सात नि पाच बारा, दोन खाली, हातचा एक.
मी तो एक खरोखर मुठीत धरायचे.
दशकाच्या घरापर्यंत नेईस्तोवर हाताला घाम,
आणि मध्येच कधी मूठ उघडून बघायचे
आहे ना अजून.
बाई ओरडायच्या: बेरीज चुकली की नाही?

तसलीम सोलकरला ते मिळालं.
माझ्यापेक्षा चार टक्के जास्त तिला,
तरी तिच्या यादीत एकच नाव होतं,
सड्यावरचं, पहिल्या क्रमांकावर.
"साडेपाचला घरी पोचता येतं," ती म्हणते,
जणू पुण्याला वगैरे हीच सोय नाही
एवढीच काय ती अडचण.
माझं अठरावं
तिचं पहिलं होतं, चार महिने,
आणि मी तिच्यासमोर त्या बसला नावं ठेवत होते.
ती एकदाही काही बोलली नाही.
कधीकधी हसलीसुद्धा.

काल ती एसटीच्या पासाचा अर्ज घेऊन आली.
"तुझं अक्षर चांगलं, तूच भर."
मला वाटलं, ही मुद्दाम करते आहे.
मग बघितलं, तर तिनं खरंच आधी दोन अर्ज खराब केले होते.

संस्थेचे पूर्ण नाव.
ते मला ठाऊकच नव्हतं.
तिनं एकेक शब्द सांगितला, सावकाश,
कुणाकुणाच्या स्मरणार्थ असलेलं, लांबलचक,
घरचं माणूस सांगावं तसं.
मी लिहिलं, ऱ्हस्वदीर्घासकट.
शेवटचा शब्द रकान्याबाहेर गेला.
"चालतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या फेरीची यादी सोमवारपर्यंत द्यायची आहे.
माझी अजून कोरी.
ती गेल्यावर लक्षात आलं,
तिचं पेन
माझ्याच हातात राहिलंय.