दुसरं पाणी

पहाटे चारला सराफ्यातला शेवटचा तवा पालथा होतो.
गराडूचं तेल, जिलबीचा पाक, चुलीची राख
गटाराकडे निघतात,
आणि मग शफी न्यारिया येतो.
(ह्यालाच झारेकरी म्हणतात
हे मला पुण्यात गेल्यावर कळलं.)
वाकडा पत्रा, झिजलेला ब्रश.
पेढीसमोरची फट न् फट खरवडतो,
जणू फरशीचे दात घासून देतोय.

मी जागीच असते,
पोतनीस सराफांच्या वर, भाड्याच्या खोलीत.
माझ्या कॉम्प्युटरात बत्तीस हजार तारे
रात्रभर एकमेकांना ओढत असतात.

आधी नुसता ढग. काळा, गार.
स्वतःच्याच वजनाने खचतो,
पिठल्यात पडाव्यात तशा त्यात गाठी पडतात,
गाठी तापतात, पेटतात.
चार आणे ढगाचे तारे होतात.
बारा आणे उरतो,
आणि त्या उरलेल्यानेच सगळ्यांना धरून ठेवलेलं असतं.
मग थोरले तापतात.
त्यांचा वारा सुटतो, उरलेला ढग घराबाहेर,
धाकट्यांच्या फेऱ्या सैल होत जातात.
बहुतेक पुंजके इथेच उसवतात.

मूळ नक्षत्राच्या बऱ्याच खाली, दक्षिणेला,
असा एक खरोखरचा आहे.
मध्ये इतकी धूळ, की डोळ्याला काही नाही,
उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीलाच दिसतो.
वय चाळीस-पन्नास लाख वर्षं,
म्हणजे अजून जावळही काढलेलं नाही.
टिकेल का तो?
माझा सगळा प्रबंध ह्या तीन शब्दांचा.

खाली शफी परात फिरवतो.
जड तळाशी बसतं,
हलकं काठाकडे, काठावरून बाहेर.
माझ्या पडद्यावरही थोरले मधोमध बुडतात,
परात नाही तिथे,
फिरवणारं कोणी नाही.
तिघे फार जवळ आले
की दोघांची जोडी घट्ट होते
आणि तिसरा भिरकावला जातो.
सीमा ओलांडली की मी त्याला पुसते.
तशी ओळच आहे प्रोग्रॅममध्ये;
बिडवई सर म्हणाले होते, फाइल हलकी राहते.

आज चहा घेऊन खाली गेले.
विचारलं, ह्या सांडलेल्या गाळाचं काय करता?
तो माझ्याकडे बघत राहिला,
मी त्याच्या मुलाबद्दल काही वाकडं बोलल्यासारखा.
गोणीत भरतो, म्हणाला. दौलतगंजला नेतो. पुन्हा धुतो.
मग पारा, मग तेजाब.
पहिल्या पाण्यात दिसतं ते कुणालाही दिसतं, बाई.
काल दुसऱ्या पाण्यात अडीच गुंजा निघाल्या.
आणि त्यानंतर उरतो तो?
तो माझा चुलतभाऊ विकत घेतो.

वर आले. ती एक ओळ खोडली.
पुन्हा पहिल्यापासून, ढगापासून.

सहा वाजता फाइल तिप्पट झाली होती,
पंखा धापा टाकत होता.
वीस हजार एकशे सतरा नंबरचा तारा
सीमेबाहेर गेला आणि जातच राहिला.
त्याच्यामागे आणखी एक. मग बरेच.
पडदा लहान करत गेले, आणखी लहान,
पुंजका गव्हाएवढा झाला, मग टाचणीच्या टोकाएवढा,
आणि भोवतीचा काळोख
गेलेल्यांनी भरून गेलेला.

टिकला की नाही, अजून सांगता येत नाही.
सरांना काय कळवायचं तेही नाही.

खाली सायकलच्या कॅरियरवर
शफी ओली गोणी बांधतोय.
गाठ एकदा आवळली. सोडली.
परत आवळली.