मुरियाची खाज

तीस वर्षं मी पुरुषांच्या पाठी घासतोय
अबानोतुबानीच्या घुमटांखाली, गंधकाच्या वाफेत,
हाताला खरखरीत पिशवी चढवून.
दगडावर पाठ पालथी पडली की मला कळतं:
हा ट्रकवाला, हा नुकताच विधुर झालेला,
हा खोटं बोलतो आणि याला झोप लागत नाही.
कातडीचं मला कोणी शिकवू नये, म्हणायचो.

मुरिया दाराबाहेर झोपते, गरम पाइपाला अंग लावून.
कानात पालिकेचा पिवळा बिल्ला,
म्हणजे सुई टोचून झालीय, कोणाची नाही, सगळ्यांची आहे.
ऑक्टोबरात खाजवायला लागली.
मागचा पाय रात्रभर पाइपावर ठण् ठण्,
आणि आतलं गिऱ्हाईक विचारायचं,
नळ दुरुस्त करताय का, झाउर?

शेपटीच्या बुडाशी केस गेले.
मग पोट लाल. मग पंजे,
जपमाळ ओढावी तसे चाटत बसायची.

सल्ल्याला तोटा नव्हता.
गुलनारा म्हणाली, खरूज.
ओमारी म्हणाला, गजकर्ण, लांब राहा.
फुलवाल्या नानुलीनं नजर ठरवली,
गळ्यात लाल दोरा बांधला. दोऱ्याखालीही खाजलं.
मी म्हटलं, सरका,
अख्ख्या शहराची खरूज या पाण्यानं धुतलीय.

दर सोमवारी, हौद रिकामा असताना,
मी तिला घासली. माझ्याच साबणानं,
माझ्याच पिशवीनं.
ती उभी राहायची, डोळे माझ्याकडे, चारही पाय थरथरत.
मला वाटलं, सुख होतंय.

डॉक्टर मकवाला पुलापलीकडून आली.
ओला पांढरा कागद पसरून त्यावर केस विंचरले.
काळी रवाळ पूड पडली. बघता बघता तांबूस पसरली.
"पिसवांची घाण. म्हणजे हिचंच रक्त."
पात्यानं कातडी खरवडली, काचेवर घेतली, भिंगाला डोळा लावला.
खरजेचा किडा दिसत नाही, म्हणाली. गजकर्णही नाही.
कानात मात्र बुरशी, आंबलेल्या पिठाचा वास.

"खायला काय देता?"
गुलनारा पदर नसून पदर चाचपल्यासारखं करू लागली.
खिंकालीची बोंडं, गिऱ्हाइकं ताटात सोडून जातात ती.
नानुलीकडची कोंबडी. ओमारीचं सॉसेज.
सहा दारं, आणि प्रत्येक दाराला वाटायचं
बिचारी सकाळपासून उपाशी आहे.

"आणि अंघोळ?"
मी छाती काढून सांगितलं.
तिनं माझाच हात उलटा केला, बोटांच्या भेगा पाहिल्या.
"तुमची कातडी जाड, तरी फुटली.
हिची केसांखाली कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
होतं नव्हतं ते तेल धुऊन काढलंत."

मी बोललो नाही.
घासण्याशिवाय या हातांना काय येतं?

आता महिन्याला पिसवांची गोळी,
अंथरायचं पोतं उकळून वाळवायचं,
आठ आठवडे फक्त सशाचं मांस, आणि दाराला पाटी.
ओमारीनं पाटी मोठ्यानं वाचली आणि सॉसेज दिलंच, दोनदा.
पुन्हा पहिल्या आठवड्यापासून.

शेपटीशी लव येतेय, पिल्लाला असते तशी.
सोमवारी हौद रिकामा असतो.
मी पाइपापाशी बसतो, ती पंजा मांडीवर टाकते.
तिच्या पाठीवर मी हात ठेवतो,
ठेवतो फक्त. हलवत नाही.
अवघड जातं.
मध्येच ठण्. एकदाच.
दोघंही ऐकलं नाही असं दाखवतो.