प्रश्न चौथा, पाच गुण

"पहिले महायुद्ध टाळता आले असते का? सकारण लिहा."
प्रश्न माझाच. सहामाही, नववी ब.
गोडोलीच्या खोलीत पंख्याखाली सत्तेचाळीस पेपर
आणि सगळ्यांचं उत्तर एकच, मीच फळ्यावर लिहून दिलेलं:
साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रस्पर्धा, एका राजपुत्राचा खून.
प्रत्येकाला चार.
एकानं 'गुप्त करार'चं 'गुप्त कारभार' केलं,
त्यालाही चार. फार चुकलं नव्हतं ते.

मग बत्तिसावा पेपर. रेवती बर्गे.
"बाई, आमच्याकडं पाटाच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघाल्या,
तेव्हा दोन्हीकडची माणसं आबा फाळक्यांच्या ओट्यावर बसवली.
पहिला कप कोणी उचलायचा यात अर्धा तास गेला.
आबा म्हणाले, निवला तर दुसरा टाकू, पण उठायचं नाही.
तीनदा टाकला. पहाटे पाळी ठरली.
युरोपात दुसरा चहा कोणी टाकला नाही."

एवढंच. मुद्दे नाहीत, सनावळी नाही.
लाल पेन हातात तसंच.

सदतीस दिवस होते त्यांच्यापाशी.
तेवढ्यात आपल्याकडं बाजरी गुडघ्याला लागते.
पहिले तीनेक आठवडे कोणी सुट्टीवर, कोणी बोटीवर.
मग एक खलिता, अठ्ठेचाळीस तासांचा,
असा बेतलेला की उत्तर 'नाही'च यावं.
आलं ते जवळजवळ 'हो'.
ते वाचून एक सम्राट म्हणाला, आता लढायला कारणच उरलं नाही,
आणि त्याचं म्हणणं पोचेपर्यंत नदीपलीकडं तोफा लागल्या होत्या.
नात्यातले दोघे एकमेकांना तारा करत राहिले,
खाली लाडाची नावं.
सेनापती म्हणाला, गाड्यांचं वेळापत्रक आता बदलता येणार नाही.
साताऱ्याच्या स्टँडवर हेच वाक्य मी रोज ऐकते,
आणि तरी कोरेगावची गाडी फाटकाशी थांबते
एखादं पोरगं दप्तर सांभाळत पळत येताना दिसलं तर.

शिकवते इतिहास, पण माझं बी.ए. मराठीचं.
टळणं आणि टाळणं यांत एका कान्याचा फरक.
गंडांतर टळतं, ग्रहण टळतं, दुपार टळते,
त्याला कोणी लागत नाही.
टाळायला माणूस लागतो.
आणि 'टाळता आले असते' या माझ्या वाक्यात
माणूसच नाही.
पाच गुणांसाठी मी तो गाळला,
'कोणाला?' एवढं विचारलं नाही.

रेवतीच्या गावात, वसनेच्या काठी,
चावडीच्या भिंतीत एक फरशी आहे, इंग्रजीत:
इथून एकोणसाठ गेले, अकरा परत आले नाहीत.
नावं नाहीत. दर दिवाळीला चुन्याचा एक हात तिच्यावरून जातो.
अकरांतला एक रावजी बर्गे, तिच्या पणज्याचा थोरला भाऊ.
कूतच्या वेढ्यात घोड्याचं मांस नको म्हणाला,
मग खाल्लं.
त्याची तार आली तेव्हा वाचणारे मास्तर वाईला गेलेले.
तीन दिवस ती देवळीत पणतीखाली पडून होती.
तीन दिवस घरात भाकऱ्या झाल्या, म्हैस व्याली,
बायकोनं खारकेचे दोन दाणे त्याच्यासाठी डब्यात मागं ठेवले.
तेवढे तीन दिवस त्याचं मरण टळलं.
टाळलं नव्हतं कोणी.

ही गोष्ट रेवतीनं पेपरात लिहिली नाही.
गेल्या वर्षी सहलीत, गाडीत उलटी झाल्यावर,
माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितली होती.
आणखी एक लिहिलं नाही तिनं:
आबा फाळके गेले,
आणि औंदा पाळीचं भांडण कोरेगावच्या कोर्टात आहे,
तारीख पडते, पुढची पडते,
दोन्हीकडचे वकील एकाच टपरीवर चहा पितात.

कारणे नाहीत, म्हणून नियमानं दीड.
तीन दिले. खोडले. चार केले.
समासात लिहिलं, 'सकारण म्हणजे काय, वर्गात बोलू.'
काय बोलणार, ठाऊक नाही.

तेहतिसावा पेपर:
साम्राज्यवाद, गुप्त करार,