फुकटची लीग

टू हार्बर्सच्या बस डेपोत आमच्या दोन लीग.
एक पन्नास डॉलरची.
ग्लेन लुंडीन कॉफीच्या रिकाम्या डब्यात नोटा जमवतो,
झाकणाला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर सही,
डबा टायरच्या कपाटात, कुलपात.
बारा ड्रायव्हर, सहाशे डॉलर.
दुसरी फुकट. तिला डबा नाही.

खाणीत कपात झाली त्या वर्षी मी फुकटच्यात आले.
घरी नवरा बसून, पन्नास म्हणजे निम्मा किराणा.
ग्लेन म्हणाला, मर्ना, पुढल्या वर्षी ये,
आणि मान वळवून एअर ब्रेक तपासू लागला.
वाईट नव्हता बोलला.

पन्नासवाल्यांना झोप नाही.
मंगळवारी मध्यरात्री कुणाचा गुडघा गेला, कुणाची बरगडी,
बाकावरचा कुठला पोरगा आता मैदानात येणार,
तुम्ही चष्मा शोधेपर्यंत
तो दुसऱ्यानं उचललेला असतो.
एका अदलाबदलीवरून दोन साडू
थँक्सगिव्हिंगला दोन घरी जेवले.
टर्की इतकी उरली
की सोमवारी डेपोत सगळ्यांना सँडविचं.

फुकटच्यात ऑगस्टमध्ये दहा संघ होते.
नावं तरी काय एकेक, डिझेलचे डाग,
सरोवराचे लांडगे, तिसरा गिअर.
हौसेनं माणसं निवडली, हौसेनं भांडले.
ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला
आणि उन्हाळी केबिनचं दार ओढून घ्यावं
तसा एकेक जण संघ मागे ठेवून निघून गेला.
संघ मात्र खेळत राहिले.
प्लास्टरमधले पाय दर रविवारी मैदानात.
एक किकर, त्याला त्याच्या खऱ्या संघानं कधीच काढलेलं,
फक्त आमच्याकडे अजून नोकरीला.
शून्य. शून्य. अडीच. शून्य.

उरलो दोघं. मी
आणि सतरा नंबरच्या रूटचा ऑइव्हा केटोला,
जो दिवसाला नऊ शब्द बोलतो,
त्यातले चार मुलांना: बस खाली. बस म्हटलं.

फायनल आमचीच.
उणे एकवीस, सुपीरियर सरोवरावर वाफ उभी.
रविवारी अकराला फोन वाजला.
"मर्ना, तुझा रनिंग बॅक आज खेळत नाहीये.
मांडी. बदल त्याला."
आणि ठेवून दिला.

फोन हातात, मी तशीच उभी ओट्यापाशी.
मधल्या एका वर्षी मीही डब्यात पन्नास टाकले होते.
सेमीफायनलला माझा क्वार्टरबॅक असाच तापानं पडला.
ग्लेनला नऊ वाजताच कळलं होतं,
मागाहून त्यानंच सांगितलं, हसत, पाठीवर थाप मारून.
त्याचं काही चुकलं नाही.
कुणीही गप्प बसलं असतं.
मीही.

बदलला मी. साडेतीन गुणांनी जिंकले.
मोबाइलवर एक पिवळा चषक आला,
थोडा हलला, गेला.
नवरा म्हणाला, फुकट खेळलीस
की फुकट घालवलेस सतरा आठवडे?
मी म्हटलं, कॉफी हवीय का तुला.

जानेवारीत ऑइव्हा माझ्या खिडकीशी आला.
दोन्ही इंजिनं तापत होती, धूर एकात एक.
"पुढल्या वर्षी पाच-पाच डॉलर ठेवायचे?"
एका दमात एवढे शब्द!
डोळे मात्र माझ्या वायपरकडे.
बघू, म्हटलं.

धक्क्याकडे जाणाऱ्या रुळांपाशी
नियमाप्रमाणे बस उभी केली.
रेडिओ बंद, पंखा बंद, दार उघडं.
वारा आत घुसला, मागची मुलं कुरकुरली.
मी कान दिला.
खनिजाच्या गाड्या आता आठवड्याला दोनच,
आज काही येणार नव्हतं, मला ठाऊक होतं.
तरी थांबले, पुरती थांबले,
मग दार लावलं.