सातवी रांग

कुओपिओ. खिडकीबाहेर तळं गोठलेलं,
आत दहा अंशांवर रात्रभर वीज चालू.

इर्मेली दोन काचांच्या फटीत जेल ओतते
तेव्हा वरची वीण सैल ठेवते,
खाली खाली घट्ट होत जाणारी.
कालच्या रक्तातले मेदाचे कण
काळा रंग पिऊन निघतात धन टोकाकडे.
विजेला त्यांची ओढ तेवढी कळते,
जाळीला फक्त अंगलोट.
जाडे दारातच अडकतात.
पार तळाशी पोचतात ते झाडलोटवाले, त्यांची काळजी नाही.
काळजी मधल्या पट्ट्याची:
अंग चोरून तो किती खाली घसरला?

सकाळी ती फूटपट्टी लावते.
सातव्या रांगेला नाव नाही, आकडा आहे.
पण ती नळी तिनेच भरली होती
इलोमांत्सीच्या दवाखान्यात,
धाकट्या ओर्वोच्या दंडातून. बाही वर करत
तो म्हणाला होता, बघ हं, निम्मं लोणीच निघेल.

लोणी नाही निघालं.
पट्टा तीन मिलिमीटर खाली.
ती काच पुसते, पुन्हा मोजते.
तीनच.

वडील एक्केचाळिसाव्या वर्षी
सरपणाच्या ढिगाशी टेकून बसले
ते बसलेच. कुऱ्हाड लाकडात तशीच.

आकड्यामागचं नाव उच्चारायचं नाही, हा नियम.
वहीत ती लिहिते: सात, तीन पूर्णांक शून्य.
मग मार्गिकेतल्या फोनवरून
भावाला विचारते,
तिकडे बर्फ किती पडला,
आणि अंगणातला कोण उपसतं?