जैसे थे

डांबरीपासून आमच्या ओट्यापर्यंत
सहाशे चाळीस पावलं.
लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मोजली होती,
माहेर किती लांब पडतं ते बघायला.

काल चार वाजता आभाळ कांद्याच्या पातीसारखं हिरवट झालं
आणि अकरा मिनिटं गारा.
बाग मागच्या रविवारीच खुडून झाली होती,
म्हणून पत्र्याचा आवाज थांबल्यावर
रडायचं नव्हतं, नुसतं बाहेर जाऊन बघायचं होतं.
वाट नव्हती.
दोन्ही बांधांच्या मधे घोटाभर पांढरं,
वर तरंगणारी वाफ,
आणि लिंबाचा पाला खलात कुटल्यासारखा वास.

तात्यांचं डायलिसिस सकाळी सातला, नाशिकात.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
उद्या गुरुवार.
जब्बारभाई फोनवर म्हणाले,
पाचला डांबरीवर हजर राहतो वहिनी,
आत घालत नाही.
इको आहे, रणगाडा नाही.
आणि तात्यांना सहाशे चाळीस पावलं म्हणजे
पायी सप्तशृंगीगड.

रात्री नणंदेला व्हिडिओ लावला.
पुष्पलताताई चौदा वर्षं कॅनडात,
त्यांच्या दारात नोव्हेंबर ते एप्रिल हेच.
खुर्चीत सरसावून बसल्या.
माहेरचं कुणी पहिल्यांदाच
त्यांना येणारं काहीतरी विचारत होतं.
लोखंडी फावडं नको, खडीला अडतं.
उचलू नका, ढकला, कंबर वाचते.
चाक जायच्या आधी काढा, दाबलं की दगड होतो.
मग मीठ टाका, हात आखडू नका.
मी म्हटलं, मीठ नको ताई,
दोन्हीकडे मुळं आहेत.
त्या जरा गप्प झाल्या.
हो गं. विसरलेच.
आमच्याकडे कडेला काहीच नसतं.

चाळीतली कांदे ओढायची लाकडी फळी काढली.
माधव पुढे ढकलत,
मी मागून पाटीने राख टाकत:
बंबाची, चुलीची,
शेवटी भांड्यांसाठी जपलेली होळीचीसुद्धा.
गारा तासाभरात एकमेकींना धरून बसतात.
फळीखाली आधी खळखळ,
मग खरखर,
मग ठक्.

चारशे पावलांवर समोरून उजेड आला.
रंगनाथ भाऊजी, ट्रॅक्टरला फळी जोडून,
डांबरीकडून साफ करत.
त्यांचं घर रस्त्यालाच लागून आहे,
या वाटेचं त्यांना काही काम नाही.
सात वर्षं बोलणं नाही.
मधल्या तीस पावलांवर तहसीलदारांचा कागद आहे,
जैसे थे.
त्यांनी ट्रॅक्टर त्यांच्या खुणेच्या दगडाशी थांबवला,
माधवने फळी आमच्या.
मधे तीस पावलं बर्फ,
दोन्हीकडचे वकील त्यावर उभे असल्यासारखा.

भाऊजींनी इंजिन बंद केलं.
माधव खाकरला.
"गोणपाटं आहेत का?"
कुणी विचारलं, मला आजही सांगता येणार नाही,
चुलत भाऊ, अंधारात आवाज एकच.
गोणपाट अंथरणं म्हणजे काढणं नव्हे.
कागदाला हात लागत नाही.

पाचला जब्बारभाई बिसमिल्ला म्हणून आत आले.
त्या तीस पावलांवर चाकाखाली
पापड मोडल्यासारखा आवाज, लांबलचक.
तात्या मागे डोळे मिटून.
रात्री रंगाचा ट्रॅक्टर होता ना, म्हणाले.
हो.
डिझेलचं विचार त्याला.
मग नाशिक येईपर्यंत एक शब्द नाही.

दुपारी परतलो तेव्हा वाट ओली, तांबूस,
दोन्ही बांधांच्या कडेने पाणी मुरलेलं.
गोणपाटं कुणीतरी पिळून
कुंपणाच्या तारेवर वाळत घातली होती,
आमची अकरा, त्यांची नऊ,
एकात एक.
मी आमची ओळखून काढायला गेले,
दोन काढली,
आणि राहू दिली.

तहसीलला पुढची तारीख एकवीसची आहे.
डिझेलचं अजून विचारलेलं नाही.